एका जुन्या लॅपटॉपांतील मोडी नकलांचा उद्धार

(१) प्रास्ताविक

अस्सल कागद नष्ट झाला म्हणजे त्याची विश्वासपात्र नक्कल हीच अस्सलाच्या जागीं येऊन बसते, हें जुन्या कागदांच्या अभ्यासकांस नव्यानें सांगावयास नको. १८९८ सालीं राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. तेव्हांपासून दप्तरांच्या शोधांत हिंडणाऱ्यांस वाळवी, पावसाळा, रद्दीवाला आणि भाऊबंदांची वांटणी हे चार शत्रु पदोपदीं भेटत आले आहेत. अलीकडे त्यांत पांचव्याची भर पडली आहे. नक्कल झालेली असते, ती शाबूतही असते. परंतु ज्या यंत्रांत ती केली तें यंत्र बंद पडलेलें असतें व ज्या संकेतानें ती लिहिली तो संकेत लोक विसरलेले असतात. अशी नक्कल असून नसल्यासारखी होय.

१९९० नंतरच्या पंधरा वर्षांत पुष्कळ मराठी अभ्यासकांनीं आपलीं टिपणें, याद्या व मोडी कागदांचीं बाळबोध लिप्यंतरें संगणकावरील वर्ड प्रोसेसरांत केलीं. त्यांतील अनेक जण आतां हयात नाहींत. त्यांचे संगणक मात्र माळ्यावर किंवा कपाटांत पडून आहेत, आणि घर पाडावयाचें झालें कीं ते भंगारांत जातात. धरमपेठेंत असें एक प्रकरण प्रस्तुत लेखकाच्या हातीं आलें. त्यांत काय केलें, कोठें चूक झाली व ती कशी उमगली, हें संग्राहकांच्या उपयोगीं पडेल अशा समजुतीनें येथें सांगतों.

(२) प्रकरणाची हकीकत

धरमपेठेंतील जुनीं बैठीं घरें एकामागून एक पाडून त्या जागीं उंच इमारती होत आहेत. अशाच एका घराचें सामान निघत असतां कपाटांत एक लॅपटॉप सांपडला. तो घरच्या आजींचा. त्या शाळेंत शिक्षिका होत्या. ‘बाई’ याच नांवानें त्यांस आळींत सगळे ओळखत. निवृत्तीनंतर त्या मोडी वाचावयास शिकल्या आणि महालांतील एका आप्ताच्या वाड्यांत असलेल्या मोडी कागदांचे रुमाल त्यांनीं वाचावयास घेतले. खाजगी पत्रें, जमाखर्चाचे बंद, देण्याघेण्याच्या याद्या असे ते कागद होते. नागपूरचें राज्य १८५४ सालीं खालसा झालें, त्याच्या पूर्वीचे बहुतेक, कांहीं मागाहूनचे.

१९९८ पासून बाई रोज सकाळीं एक-दोन बंद वाचीत आणि त्यांची बाळबोध नक्कल लॅपटॉपांत उतरवीत. पुढें वाड्याची वांटणी झाली व त्या गडबडींत रुमाल कोठें गेले याचा आज पत्ता नाहीं. बाईंनीं छापून ठेवलेलीं थोडीं पानें होतीं, त्यांचा बराच भाग वाळवीनें खाल्ला. तेव्हां त्या रुमालांचें जें कांहीं उरलें तें त्या बंद पडलेल्या यंत्रांत. त्यांच्या नातवानें तो लॅपटॉप माझ्या हातीं दिला तेव्हां एवढेंच विचारलें, “आजीचें काम यांतून निघेल का?”

(३) यंत्र चालू करण्याचा मोह

असें यंत्र हातीं आलें कीं तें चालू करून पाहावें ही पहिली इच्छा होते. ती आवरली पाहिजे. याचीं कारणें दोन.

पहिलें कारण यंत्राच्या प्रकृतीचें. वीस-पंचवीस वर्षें पडून राहिलेल्या लॅपटॉपांतील बॅटऱ्या पाझरलेल्या असतात व त्यांच्या क्षारानें तांब्याच्या रेघा खाल्लेल्या असतात. नागपुरास मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर जातो आणि लागलीच पावसाळ्याची दमट हवा सुरू होते. बंद कपाटांतील यंत्रास हें मानवत नाहीं. अशा स्थितींत वीज सोडली तर उरलेलेंही जळून जाण्याचा संभव असतो.

दुसरें कारण अधिक महत्त्वाचें. त्या काळचें विंडोज सुरू होतांच स्वतःच्या कामासाठीं हार्ड डिस्कवर लिहूं लागतें. मागच्या वेळीं यंत्र नीट बंद केलेलें नसेल तर डिस्क तपासणारा कार्यक्रम आपोआप चालू होतो व त्याला जें विस्कळित दिसेल तें ‘दुरुस्त’ करूं पाहतो. या लिहिण्यानें काय बिघडतें, हें समजण्यास पुसलेल्या फाईलीचें काय होतें तें पाहावें. फाईल पुसली म्हणजे तिचा मजकूर लागलीच नाहींसा होत नाहीं. अनुक्रमणिकेंतील तिच्या नांवाचें पहिलें अक्षर काढून तेथें २२९ हा अंक घातला जातो आणि तिनें व्यापलेली जागा मोकळी म्हणून नोंदली जाते, एवढेंच. त्या जागेवर दुसरें कांहीं लिहिलें जाईपर्यंत मजकूर जसाच्या तसा असतो. म्हणजे यंत्र नुसतें चालू करणें हें पुसट झालेल्या पोथीवर नवी शाई फिरविण्यासारखें आहे.

(४) डिस्कची प्रत

म्हणून आधीं यंत्रांतून हार्ड डिस्क बाहेर काढली. त्या काळच्या लॅपटॉपांतील डिस्क अडीच इंची असते व तिला ४४ टांचण्यांची जोडणी असते. ती आजच्या संगणकास जोडण्याचें साधन बाजारांत मिळतें. जोडतांना मध्यें असें उपकरण घालावें कीं, डिस्कवरून वाचतां येईल पण तिच्यावर लिहितां येणार नाहीं.

नंतर सगळ्या डिस्कची प्रत घेतली. येथें फाईली निवडून उतरवून घेणें पुरेसें नसतें. डिस्कचे ५१२ बाइटांचे सेक्टर असतात. ते पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत, रिकामे म्हणून नोंदलेले धरून, सारे उतरवावे लागतात. त्यासाठीं डीडीरेस्क्यू हा मोफत मिळणारा कार्यक्रम वापरला. तो आधीं चांगला भाग वाचून घेतो, अडचणीचा भाग मागें ठेवतो, मग त्याकडे पुनः पुनः वळतो आणि काय वाचलें व काय राहिलें याचा नकाशा ठेवतो. जाणता मोडीवाचक पत्रांतील स्पष्ट ओळी आधीं लावून घेतो व अडलेल्या शब्दांकडे मागाहून येतो, तीच ही रीत. आमच्या डिस्कचे थोडे सेक्टर शेवटपर्यंत वाचले गेले नाहींत; ते जमाखर्चाच्या एका फाईलींत पडले. तेथें ‘मजकूर गेला’ अशी खूण ठेवली, आणि अंदाजानें कांहीं भरलें नाहीं.

प्रत पुरी झाल्यावर तिची गणिती मुद्रा काढून ठेवावी. सगळ्या मजकुरावर ठराविक गणित करून एक लांब आंकडा काढतात. प्रतींत एका बाइटाचाही फरक पडला तर तो आंकडा बदलतो. पुढें कोणी शंका घेतली तर प्रत मूळचीच आहे हें यावरून दाखवितां येतें. यानंतरचें सारें काम या प्रतीच्याही प्रतीवर केलें. मूळ डिस्क कागदांत गुंडाळून नातवास परत दिली.

(५) फाँटाची लिपि

फाईली तर सांपडल्या. पण उघडून पाहतां त्यांत एकही मराठी अक्षर नव्हतें. रोमन अक्षरें, कंस व तिरक्या रेघा यांचा नुसता गोंधळ दिसला. असें कां व्हावें, हें थोडें विस्तारानें सांगणें अवश्य आहे.

संगणक अक्षर सांठवीत नाहीं, अंक सांठवितो. कोणत्या अंकाचें कोणतें अक्षर हें ठरावानें चालतें. देवनागरीसाठीं असा ठराव भारतांत झालेला होता. भारतीय मानक ब्यूरोनें १९९१ सालीं तो इस्की या नांवानें मान्य केला. त्यांत ‘क’ चा अंक १७९ आहे. त्याच वर्षीं जगांतील सर्व लिपींसाठीं युनिकोड निघाला. त्यांतील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या मसुद्यावरून घेतलेली असून ‘क’ चा अंक २३२५ आहे. पुण्याच्या सी-डॅक संस्थेचें जिस्ट कार्ड मेजावरच्या संगणकांत बसवून इस्कींत लिहितां येई. परंतु तें कार्ड लॅपटॉपांत बसविण्यास जागा नसे. आणि विंडोजमध्यें युनिकोडची देवनागरी २००० सालच्या आवृत्तीपर्यंत आली नव्हती.

मधल्या काळांत लोकांनीं एक तोड काढली. रोमन अक्षरांचे अंक तसेच ठेवावयाचे आणि पडद्यावर त्यांच्या जागीं देवनागरी आकृति दाखवावयाच्या. श्रीलिपि, आकृति, शिवाजी, कृतिदेव हे फाँट या जातीचे. प्रत्येकाचा तक्ता वेगळा. एकाचा मजकूर दुसऱ्यानें वाचतां येत नसे. बाईंचा फाँट कृतिदेव होता. त्याचा कळफलक जुन्या रेमिंग्टन टंकलेखन यंत्राप्रमाणें असल्यामुळें टंकलेखन शिकलेल्यास तो सोईचा पडे.

उदाहरणार्थ, ‘मराठी’ हा शब्द कृतिदेवांत ई, जे, के, मोठा बी, एच असा सांठविला जातो. आमच्या ‘धरमपेठ’ या नांवाची स्थिति त्याहून चमत्कारिक आहे: तिरकी रेघ, के, जे, ई, आय, एस, मोठा बी. यांतील तिरकी रेघ म्हणजे अर्धा ‘ध्’ व के म्हणजे काना. दोन्ही मिळून पुरता ‘ध’ होतो. म्हणजे हा फाँट अक्षरें जाणत नाहीं, तो आकृतींचे तुकडे जुळवितो. ‘लिपि’ हा शब्द एफ, वाय, एफ, आय असा. यांत एफ ही पहिली वेलांटी, आणि ती ज्या अक्षराची त्याच्या आधीं येते, कारण कागदावर ती डावीकडे दिसते. उलट ‘धर्म’ या शब्दांत रफार ‘म’ च्या नंतर येतो, कारण तो ‘म’ च्या डोक्यावर दिसतो. युनिकोडांत मात्र उच्चाराचा क्रम असतो: ‘ल’ आधीं व वेलांटी मागून, ‘र्’ आधीं व ‘म’ मागून. तेव्हां रूपांतर करणें म्हणजे एका तक्त्यांतील अंक बदलून दुसऱ्यांतील घालणें इतकेंच नाहीं. वेलांट्या व रफार उचलून योग्य ठिकाणीं नेऊन बसवावे लागतात. हें काम लिप्यंतराचेंच आहे आणि लिप्यंतराचे सारे धोके त्यांत आहेत.

आणखी एक सूचना. फाईलींतून नुसता मजकूर काढून घेऊं नये. कोणता भाग कोणत्या फाँटांत आहे याची नोंद फाईलींतच असते. ती गळली तर मराठी शब्द कोणते व मध्येंच आलेले इंग्रजी शब्द कोणते, हें ओळखण्यास साधन राहत नाहीं.

(६) गळालेले अंक

ही सूचना मीं स्वतः पाळली नाहीं, आणि त्याचें फळही मिळालें.

घाई करून मीं एका कार्यक्रमाकडून फाईलींतील मजकूर तेवढा काढून घेतला व तयार मिळणाऱ्या रूपांतरकांतून युनिकोडांत आणला. मराठी सुरेख उमटलें. पत्रें वाचूं लागलों. मायना, कुशल, मजकूर सारें यथास्थित. परंतु एकाही पत्राची मिति पुरी नव्हती. ‘शके’ या शब्दापुढें रिकामी जागा. जमाखर्चांत ‘रुपये’ या शब्दापुढेंही तसेंच. मीं असा तर्क बांधला कीं बाईंस मोडी अंक लागत नसावे, म्हणून त्यांनीं ते मागाहून भरण्यासाठीं सोडले असावे. माझ्या टांचणांत मीं तसें लिहिलेंही: ‘नक्कलकारानें काल व रकमा दिलेल्या नाहींत.’ दप्तरास काल व रकमा नसतील तर त्याचें मोल किती उरतें, हें जाणकारांस ठाऊक आहे.

पुढें चार दिवसांनीं तीं पानें पुन्हां चाळतांना एक गोष्ट डोळ्यांत आली. कांहीं रिकाम्या जागा पूर्ण रिकाम्या नव्हत्या. तेथें एकटें शून्य होतें. कोठें ‘शके ०’, कोठें ‘रुपये ००’. एकपासून नऊपर्यंतचा आंकडा मात्र एकही नाहीं. अंक न लागणारा मनुष्य सगळे अंक सोडील. फक्त शून्यें कां लिहील?

तक्ता काढून पाहिला तेव्हां उलगडा झाला. कृतिदेवांत १ ते ९ या देवनागरी अंकांच्या आकृति १३१ ते १३९ या अंकांवर बसविलेल्या आहेत आणि शून्याची आकृति २२९ वर. विंडोजच्या रोमन तक्त्यांत १२८ ते १५९ या भागांत बहुतेक ठिकाणीं कांहीं ना कांहीं चिन्हें आहेत. परंतु जो आंतरराष्ट्रीय तक्ता माझा कार्यक्रम धरून चालला होता त्यांत हा भाग यंत्राच्या आज्ञांसाठीं राखलेला आहे. कार्यक्रमानें त्या भागांतील सारें निरुपयोगी समजून टाकून दिलें. शून्य त्या सीमेच्या पलीकडे असल्यामुळें तेवढें वांचलें. ‘शके १७२०’ असें असतें तर तेथें ‘शके ०’ उरलें असतें. ‘शके १७२५’ असतें तर कांहींच उरलें नसतें.

मूळ प्रत शाबूत होती म्हणून पुन्हां आरंभापासून काम केलें. या खेपेस विंडोजचा तक्ता धरला, फाँटाची नोंद जपली आणि सारे अंक आपापल्या जागीं आले. वाळवीनें सोडलेल्या छापील पानांशीं ते ताडून पाहिले. जेथें जेथें पान वाचतां येत होतें तेथें ते जुळले.

हे अंक कळफलकावर सरळ उमटत नाहींत. ऑल्टची कळ दाबून धरावयाची व शून्य, एक, तीन, एक असे चार आंकडे ठोकावयाचे, तेव्हां एक ‘१’ पडतो. लॅपटॉपास आंकड्यांच्या कळांचा वेगळा ताटवा नसल्यामुळें त्यासाठीं आधीं दुसरी एक कळ दाबून अक्षरांच्या कळांना आंकड्यांच्या करावें लागे. इंग्रजी आंकडे एका दाबांत पडत असतां अस्सलांत देवनागरी आहेत म्हणून बाईंनीं हा खटाटोप प्रत्येक मितीस व प्रत्येक रकमेस केला होता. ज्या गोष्टींत त्यांनीं सर्वांत अधिक कष्ट घेतले तीच त्यांनीं टाळली, असें मीं लिहून ठेवलें होतें. तें टांचण मीं फाडलें नाहीं. त्यावर दुरुस्ती करून तें दप्तरांतच ठेवलें आहे.

(७) फाईलींचा काल व खोडलेले पाठ

नक्कल केव्हां झाली हेंही पाहावें लागतें. प्रत्येक फाईलीवर दिवस व वेळ असते, पण ती यंत्राच्या घड्याळावरून पडलेली असते. जुन्या पद्धतींत ही कालगणना १ जानेवारी १९८० पासून सुरू होते. घड्याळाची बॅटरी संपली म्हणजे अशीं यंत्रें पुष्कळदां त्याच दिवसावर येऊन बसतात. बाईंच्या शेवटच्या कांहीं फाईलींवर १९८० सालचा जानेवारी आहे. त्या फाईली वर्ड ९७ च्या बांधणीच्या आहेत, आणि ती बांधणी १९९६ च्या अखेरीपूर्वीं बाजारांत नव्हती. यावरून दिवस खोटा ठरतो. कागदाच्या जलचिन्हावरून बनावट सनद ओळखावी तसाच हा न्याय. शुहूर, फसली व शक यांचा मेळ घालण्याची ज्यांस संवय आहे त्यांस ही परीक्षा कठीण जाणार नाहीं.

दुसरी गोष्ट खोडलेल्या पाठांची. त्या काळच्या वर्डमध्यें जलद जतन करण्याची एक सोय होती. तींत सगळी फाईल पुन्हां न लिहितां नवा मजकूर शेवटीं जोडला जाई, आणि खोडलेला मजकूर पडद्यावर न दिसला तरी फाईलींत राही. बाईंच्या कित्येक फाईलींत यामुळें एकाच शब्दाचीं दोन वाचनें मिळालीं: आधीं केलेलें व मागून सुधारलेलें. मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळीत नाहींत व शब्द तोडून लिहीत नाहींत. तेव्हां अशा दुहेरी वाचनांस मोल आहे. अस्सल समोर ठेवून विचार करणाऱ्या वाचकाचा संशय कोठें होता, हें त्यावरून कळतें. अशीं स्थळें आम्हीं तळटीपेंत दोन्ही पाठांसह दिलीं आहेत.

मात्र येथें विवेकही पाहिजे. डिस्कच्या प्रतींत घरगुती पत्रें, हिशेब, आजाराचे कागद असें पुष्कळ येतें. तें इतिहासाचें साधन नव्हे. कोणत्या फाईली पाहावयाच्या हें घरच्यांच्या संमतीनें आधीं ठरवावें व बाकीच्या उघडूं नयेत.

(८) संपादनाची शिस्त

एकनाथांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरीची पाठशुद्धि केली ती प्रतीप्रतींतून शिरलेल्या अपपाठांमुळें. नक्कल करणारा हात मनुष्याचा असो वा यंत्राचा, अपपाठ शिरतोच. यंत्राचा अपपाठ दिसण्यांत स्वच्छ असतो, म्हणून अधिक फसवितो. यास्तव अशा साधनांचें प्रकाशन करणाऱ्यानें चार गोष्टी पाळाव्या. मूळ डिस्कची अविकृत प्रत व तिची गणिती मुद्रा जतन करावी. रूपांतरासाठीं कोणता तक्ता वापरला तो लेखासोबत द्यावा. यंत्रानें केलेलें रूपांतर, नक्कलकाराचें लेखन व संपादकाची दुरुस्ती या तिन्हींस वेगळ्या खुणा कराव्या. आणि जेथें नक्कल अपुरी दिसेल तेथें नक्कलकारास दोष देण्यापूर्वीं आपली वाचनाची रीत तपासावी.

संग्राहकांस एक विनंती. एखाद्या घरीं दप्तराची चौकशी करतांना रुमाल, बासनें व पोथ्या यांबरोबर जुना लॅपटॉप किंवा फ्लॉपी आहे काय, हेंही विचारावें. असल्यास ती वस्तु चालू न करतां तशीच द्या म्हणून सांगावें. बाईंच्या नकलांची युनिकोड प्रत व एक छापील प्रत त्यांच्या नातवास दिली आहे. छापील प्रत हातीं घेतल्यावर त्यानें आधीं पहिल्या पत्राची मिति वाचली.